लहानू म्यानेजरची पुढील वाटचाल

अल्लीपुरात फुटबॉल समजणारी माणसं किती, असं कोणी विचारलं तर लहानू थूल एक बोट वर करायचा आणि ते बोट स्वतःच्याच छातीला टेकवायचा. बाकीचे सगळे, त्याच्या मते, फुकटचे बघे. मैदानाच्या कडेला उकिडवं बसायचं, पन्नीतला खर्रा चोळायचा, थुंकायचं, आणि धावणाऱ्या बावीस जणांना त्यांच्या आयाबहिणींची आठवण करून द्यायची, एवढंच त्यांचं काम. यातल्या कोणाला चेंडूमागे शंभर पावलं पळवलं असतं तर दवाखान्यात भरती करावं लागलं असतं.

लहानू गावातल्या एका शाळेत शिपाई, आणि बावीस वर्षांपासून उदय क्रीडा मंडळाच्या फुटबॉल टीमचा म्यानेजर. म्यानेजर म्हटलं की शहरातल्या माणसाच्या डोळ्यापुढे कोट घातलेला कोणी येतो. इथं तसलं काही नाही. म्यानेजर म्हणजे सकाळी मैदानावर चुन्याची फक्की मारून रेघा आखणारा, चेंडूत हवा भरणारा, जाळीची भोकं सुतळीनं शिवणारा, लिंबं कापून डब्यात भरून आणणारा. पोट्ट्यांच्या घरी जाऊन त्यांच्या मायांची बोलणी खाणाराही तोच, आणि मॅचच्या दिवशी कोण कुठं उभा राहणार हे ठरवणाराही तोच. पगार नाही. मान म्हणाल तर तोही यंदाच्या जानेवारीपर्यंत नव्हता.

तो स्वतः खेळायचा तेव्हा हाफला खेळायचा. फार काही भारी नव्हता, पण दमत नव्हता. एकोणतिसाव्या वर्षी आर्वीच्या मैदानावर गुडघा गेला. त्यानंतर दोन महिने तो घरी बसला आणि तिसऱ्या महिन्यात लंगडत लंगडत मैदानावर जाऊन उभा राहिला. तेव्हाचा म्यानेजर लग्नसराईत ब्यांडवाल्यांसोबत गेला तो परत आलाच नाही, म्हणून मग शिटी लहानूच्या गळ्यात आली. कोणी नेमला नाही, कोणी ठराव केला नाही. त्याच्या बायकोचं, अन्नपूर्णाचं म्हणणं असं, की लग्न तिच्याशी एकदाच लागलं, पण संसार त्यानं मैदानाशी केला. हे ती रागानं म्हणत नसे. पोरगी मेघा नागपूरला नर्सिंगला गेल्यावर घरात दोघंच उरली होती, आणि संध्याकाळी मैदानावरून आलेल्या माणसाचा मूड चांगला असतो हे तिला ठाऊक होतं.

तर यंदाच्या जानेवारीत एक अजब झालं. वर्ध्याला प्रजासत्ताक चषकाचे सामने लागले आणि उदय मंडळ एक जिंकलं, दोन जिंकलं, तिसराही जिंकलं. बावीस वर्षांत जी टीम दुसऱ्या फेरीच्या पुढं गेली नव्हती ती फायनलला जाऊन बसली. आणि मग काय, गावात एका रात्रीत शंभर फुटबॉलतज्ज्ञ उगवले.

त्यांचा मुखिया प्रफुल्ल. बसस्टॉपजवळ त्याचं मोबाइलचं दुकान. गिऱ्हाईक कमी आणि वायफाय फुकट, म्हणून तो रोज विलायतेतले सामने पाहायचा, आणि त्यातून त्याला जे ज्ञान झालं होतं ते तो शेजारच्या मधूच्या चहाटपरीवर वाटायचा. मधूला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण बोलणारे बसून राहिले की चहा खपतो एवढं कळत होतं. म्हणून तो मधूनमधून "हाव ना" म्हणायचा.

"लहानूभाऊचं डोकं काय हाय तुमाले सांगू," प्रफुल्ल म्हणायचा. "पयल्या मॅचले चार ब्याक. दुसरीले गोलकीपर फॉरवर्डले. तिसरीले तीनच ब्याक अन् मधात गर्दी. समोरच्याले समजतच नाई हा मानूस काय करून राह्यला. याले म्हनते फ्लेक्सिबल ट्याक्टिक्स. युरोपात असंच खेळते."

"हाव ना," मधू म्हणायचा.

आता हे फ्लेक्सिबल काय होतं ते ऐका. दुसऱ्या मॅचच्या आदल्या दिवशी गोलकीपर निशांतची दोन बोटं ट्रॉलीच्या हुकात सापडली आणि वांग्यासारखी सुजली. हातानं चेंडू धरता येत नाही, पाय मात्र शाबूत. दुसरा पोरगा मिळेना, कारण कापसाचा शेवटचा वेचा चालू होता. म्हणून लहानूनं निशांतला पुढं ढकलला आणि एका उंच ब्याकला गोलात उभा केला. निशांतच्या डोक्याला चेंडू लागला आणि गोल झाला. त्याचं त्यालाही नवल वाटलं. तिसऱ्या मॅचला तीनच ब्याक, कारण चौथ्याच्या बहिणीचं त्याच दिवशी साक्षगंध होतं आणि तो पाहुण्यांना पोहे वाढत होता. अर्ध्या खेळानंतर जी दोन पोरं बदलली, ज्यावर प्रफुल्लनं व्हिडिओ काढून समजावून सांगितलं की प्रतिस्पर्ध्याची लय कशी तोडली, त्यात डोकं बिलकुल नव्हतं. नऊ नंबरच्या बुटांची टीमकडे एकच जोडी होती आणि ती दोघांना वाटून घालायची होती.

हे सगळं लहानूला ठाऊक होतं. टपरीवर चाललेलं ऐकलं की त्याला हसू यायचं आणि थुंकावंसंही वाटायचं. "उचलली जीभ लावली टाळ्याले," तो घरी येऊन अन्नपूर्णाला सांगायचा. "कुत्र्यायनं चेंडू पाह्यला तरी भुकतेत, पन त्याचं विश्लेषन नाई करत." पण खरं सांगायचं तर एक गोष्ट त्यानं अन्नपूर्णाला सांगितली नाही. शाळेतून घरी जायचा सरळ रस्ता मारुतीच्या पाराकडून होता. तिसरी मॅच जिंकल्यापासून तो रोज बसस्टॉपवरून वळसा घालून जात होता, आणि मधूच्या टपरीपुढे त्याच्या सायकलची चेन नेमकी सैल व्हायची. खाली वाकून तो चेनशी खुडबुड करत राहायचा आणि कान तिकडे द्यायचा. बावीस वर्षं ज्याला कोणी "बस" म्हटलं नाही त्याला शंभर जण हुशार म्हणतात, हे खोटं असलं तरी कानाला गोड लागतंच. माणूस आहे शेवटी.

फायनलला दोन आठवडे होते. त्या शनिवारी लहानू मेघाला चिवडा आणि ब्लँकेट द्यायला नागपूरला गेला. परतताना बसस्टँडवर बाकावर बसला होता. शेजारी ट्रॅकसूट घातलेला, गळ्यात शिटी असलेला एक माणूस येऊन बसला. त्यानं विचारलं, अमरावतीची गाडी कुठं लागते? लहानूनं सांगितलं. त्या माणसानं पिशवीतून संत्रं काढलं, सोलून अर्धं लहानूला दिलं. दोघंही संत्रं खात दहा मिनिटं बसले, गाडी आली, तो गेला. त्याचं नावही लहानूनं विचारलं नाही.

पण मधूचा साळा त्याच बसस्टँडवर होता. त्यानं लांबून पाहिलं, ट्रॅकसूट पाहिला, शिटी पाहिली, संत्रं पाहिलं. संध्याकाळपर्यंत अल्लीपुरात बातमी होती की नागपूरच्या मोठ्या क्लबचा माणूस लहानू म्यानेजरला न्यायला आला होता. दुसऱ्या दिवशी त्या बातमीला फ्लॅट आला. तिसऱ्या दिवशी फ्लॅटला लिफ्ट आली.

आता टपरीवर दुसराच विषय सुरू झाला. लहानूभाऊ जाईन का राहीन? गेला तर आपलं कसं? राहिला तर त्याच्या गुणाचं चीज काय? "त्याच्या डोक्याले अल्लीपूर लहान पडते," प्रफुल्लनं निकाल दिला. कोणी म्हणालं जाऊ द्यायचं नाही, कोणी म्हणालं अडवणं पाप आहे. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि जेवून सगळे तृप्त. ज्या माणसाच्या भविष्याची एवढी काळजी चालली होती तो पन्नास पावलांवर शाळेची घंटा वाजवत होता. त्याला जाऊन विचारावं असं आठ दिवस एकाच्याही मनात आलं नाही. आपल्याकडे तशी रीतच नाही. ज्याची गोष्ट त्याला सोडून बाकी सगळ्या गावाला विचारायचं.

शेवटी प्रफुल्लनं विचारलं. लहानू चेन बसवत होता. "लहानूभाऊ, ऐकलं ते खरं हाय का? नागपूरचं?"

 लहानूनं मान वर केली. पंधरा-वीस तोंडं त्याच्याकडे पाहत होती. एका शब्दाचं काम होतं. नाही म्हणायचं, संत्र्याची गोष्ट सांगायची, सगळे हसले असते आणि विषय संपला असता. पण त्याच्या मनात आलं, बसू दे लेकांना टांगून. बावीस वर्षं मी यांच्या तोंडाकडे पाहिलं, आता यांना माझ्या तोंडाकडे पाहू दे. हाताचं वंगण त्यानं पँटीला पुसलं.

"पाहू ना," तो म्हणाला. "घाई काय हाय."

घरी त्यानं हे मोठ्या मजेनं सांगितलं. अन्नपूर्णा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"सरळ नाई म्हनायले काय झालतं?"

"अवं, मजा पाहून राह्यलो त्यायची."

"तुमी त्यायची नाई, ते तुमची पाहून राह्यले," ती म्हणाली. "उद्या जाऊन सांगा. मी कुठं चाललो नाई म्हना. झालं."

लहानू हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती म्हणून राहिलं. तिसऱ्या दिवशी बसस्टॉपवर फ्लेक्स लागला.

हा फ्लेक्स अजून डोळ्यापुढून जात नाही. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, नागपूर येथे निवड झाल्याबद्दल अल्लीपूरचे भूमिपुत्र, फुटबॉलमहर्षी लहानूजी थूल यांचं हार्दिक अभिनंदन व पुढील वाटचालीस शुभेच्छा. खाली गॉगल लावलेले चौदा शुभेच्छुक, त्यात प्रफुल्ल दोनदा. मधोमध लहानूचा फोटो. तो आधार कार्डावरून काढलेला होता, त्यामुळे महर्षी नुकतेच पोलिसांनी पकडून आणल्यासारखे दिसत होते. आणि कोपऱ्यात सत्काराची तारीख, शुक्रवार, संध्याकाळी पाच, ग्रामपंचायतीपुढे. फायनल रविवारी.

लहानू सायकल धरून त्या फ्लेक्सपुढे उभा राहिला. आता तरी यानं खांबावर चढून तो फाडायला हवा होता की नाही? पण या एकावन्न वर्षांच्या माणसाचा फोटो भिंतीवर लागायची एकच वेळ येणार होती, आणि ती पाहायला तो स्वतः नसणार होता. इथं तो जिवंतपणी पाहत होता. त्यानं आजूबाजूला पाहिलं, कोणी नाही असं पाहून आणखी थोडा वेळ पाहिलं, आणि निघून गेला. सत्कारात सांगू, तो मनाशी म्हणाला. सगळ्यांपुढे एकदाच सांगू, बरं पडेल.

शुक्रवारी ग्रामपंचायतीपुढे तीनशे माणूस जमला. अन्नपूर्णा पुढच्या रांगेत, नवं लुगडं नेसून. तिची बहीण पवनारवरून आली होती. तिला कोणी सांगितलंही नव्हतं, फ्लेक्सचा फोटो मोबाइलवर फिरत फिरत तिच्यापर्यंत गेला होता. सगळे बोलले. ज्यांनी चेंडूला कधी पाय लावला नाही तेही लवचीकपणावर बोलले. प्रफुल्लनं वीस मिनिटं घेतली आणि तीन ब्याकांच्या व्यूहरचनेची तुलना नदीशी केली. लहानू त्या दिवशी पोहे वाढायला राहिलेल्या ब्याकाकडे पाहत होता आणि तो पोरगा खाली मान घालून हसत होता.

मग मंडळाचे अध्यक्ष प्रभाकरराव उठले. निवृत्त तलाठी, गोड बोलणारा माणूस. मैदानावर वर्षातून एकदा यायचे, नारळ फोडायला. त्यांनी लहानूच्या खांद्यावर शाल टाकली, हातात श्रीफळ दिलं, स्मृतिचिन्ह दिलं, आणि माइक हातात घेतला.

"लहानूभाऊ आता मोठ्या जागी चालले," ते म्हणाले. "आपन स्वार्थी व्हायचं नाई. त्यायची जागा कोनी भरून काढू शकनार नाई. पन टीम रिकामी ठेवता येत नाई, परवा फायनल हाय. म्हनून मंडळानं काल बैठक घेऊन ठरवलं, आपला धीरज आजपासून जबाबदारी घेईन."

धीरज म्हणजे त्यांचा भाचा. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन दोन वर्षं घरी होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणावं तर त्या पोराचा काही दोष नव्हता. त्याला मामानं सकाळी सांगितलं आणि तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. टाळ्या पडल्या. ज्या टाळ्या लहानूला पडल्या त्याच धीरजला पडल्या, हात तेच होते.

माइक लहानूच्या हातात आला. त्याच्या अंगावर शाल होती, एका हातात नारळ होता, काखेत स्मृतिचिन्ह होतं, आणि पुढं तीनशे माणूस बसला होता. हीच ती वेळ. बाबांनो, मी कुठं चाललो नाही, तो माणूस मला अमरावतीची गाडी विचारत होता. एवढंच म्हणायचं होतं. पण म्हणायचं कसं? दोन तास लोकांनी कौतुक केलं ते परत करायचं? शाल काढून घडी करून द्यायची? बायकोची बहीण पवनारवरून आली आहे, तिच्यापुढे सांगायचं की मला कोणी बोलावलं नाही, मी नुसता फुशारकी मारत होतो? सत्कार घेतलेला माणूस मेलेल्यासारखा असतो. त्याच्याबद्दल सगळं चांगलं बोलून झालेलं असतं, आता त्यानं उठून बसणं बरं दिसत नाही.

"मी सर्वायचा ऋनी हाय," लहानू म्हणाला आणि माइक परत दिला.

घरी आल्यावर अन्नपूर्णानं नारळ चटणीला काढून ठेवला. "काऊन नाई बोलले?" तिनं विचारलं.

"तूच होती ना पुढं बसली, नवं लुगडं घालून."

"माह्यावर नका ढकलू," ती म्हणाली. "मी लुगडं बदलून आले असते. तुमचं मैदान गेलं ते कोन आनून देईन?"

लहानूनं शाल खुंटीला टांगली. मग त्याला राग आला, आणि राग आल्यावर त्याला बरं वाटलं. प्रभाकररावांचा राग, प्रफुल्लचा राग, त्या संत्रं देणाऱ्याचाही राग. शनिवारभर तो हा राग जपत बसला. जाऊ दे, त्यानं ठरवलं. पाहूच आता, माझ्यावाचून कसे जिंकतात ते.

रविवारी वर्ध्याला दोन गाड्या निघाल्या. पुढच्या जीपमध्ये टीम आणि धीरज, मागच्या टेम्पोत गाव. लहानू टेम्पोत बसला, प्रफुल्लच्या शेजारी. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातात लिंबाचा डबा नव्हता, आणि हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

सामना दोनला होता. पावणेदोनला धीरज कागद घेऊन त्याला शोधत गर्दीत आला. त्याच्या हाताला घाम होता, कागद ओला झाला होता.

"भाऊ, एकदा पाहून घ्या. काई चुकलं असन तर सांगा. तुमाले पोट्टे माहीत हायेत, मले नाईत."

लहानूनं कागद पाहिला. ठीक होता, पुस्तकातल्यासारखा. उजव्या पायाचे उजवीकडे, डाव्या पायाचे डावीकडे. आणि राइट ब्याक, अंकित.

अंकित लहानूच्याच मोहल्ल्यातला. चार वर्षं तो टीमचा लेफ्ट ब्याक होता, उजव्या पायाचा असूनही, आणि प्रफुल्लनं त्याच्यावर वेगळा व्हिडिओ केला होता की हे विलायती डोकं आहे. डोकं नव्हतं. अंकितचा डावा डोळा अर्धा गेलेला होता. लहानपणी दिवाळीत फटाका उडाला होता. पाहणाऱ्याला काही दिसत नाही, पण डावीकडून येणारं त्या पोराला दिसत नाही. डाव्या बाजूला खेळला की त्याच्या डावीकडे नुसती फक्कीची रेघ राहते आणि सगळा खेळ उजव्या डोळ्यापुढे चालतो. हे लहानूनं अंकित टीममध्ये आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ओळखलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं, अन्नपूर्णालाही नाही. कारण अंकित वनरक्षकाच्या भरतीचे फॉर्म भरत होता, आणि गावात एकाच्या कानावर गेलं असतं तर पोराचं काय होईल याची त्याला भीती वाटायची. अंकितला ठाऊक होतं की भाऊला ठाऊक आहे. दोघांत यावर एक शब्दही कधी झाला नव्हता.

आता डोळ्याचं सांगायची गरजच नव्हती. अंकितला डावीकडे टाक, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. धीरजनं का म्हणूनही विचारलं नसतं, तो वाटच पाहत होता. लहानूच्या ओठांवर वाक्य आलंही. मग त्यानं त्या पोराचा इस्त्रीचा शर्ट पाहिला, गळ्यातली शिटी पाहिली. शिटी लहानूची होती. मंडळानं कपाटातून काढून दिली होती.

"चांगलं हाय," लहानू म्हणाला. "तू शिकलेला मानूस. मी काय सांगू तुले?"

धीरजनं कागद घडी केला, वाकून त्याच्या पाया पडला आणि पळत गेला.

पहिला गोल पंधराव्या मिनिटाला. समोरचा पोरगा अंकितच्या डावीकडून सरळ निघून गेला, आणि अंकित दुसरीकडेच पाहत उभा. टेम्पोतून आलेलं गाव उठलं. "आंधळा हाय का बे," प्रफुल्ल ओरडला. आणि लहानूच्या मनात काय आलं ते लपवण्यात अर्थ नाही. त्याला आनंद झाला. छातीत थंड वाटलं. घ्या, तो मनात म्हणाला, घ्या तुमचा धीरज.

दुसरा गोल तसाच. मध्यंतराला धीरज पुन्हा गर्दीकडे पाहत होता, डोळ्यांवर हात धरून, कोणाला तरी शोधत. लहानू शेंगदाणे सोलत बसला होता. त्यानं मान खाली घातली. चाळीस पावलांचं अंतर होतं, बिघडलेल्या गुडघ्यानंही झालं असतं. तो उठला नाही. मध्यंतरानंतर अंकित डावीकडून आलेल्या आपल्याच गोलकीपरवर, बोटं बरी झालेल्या निशांतवर, आदळला, दोघं पडले, आणि चेंडू रिकाम्या गोलात गेला. तीन-शून्य. अंकित उठून उभा राहिला तेव्हा त्याची भुवई फुटली होती आणि सगळं अल्लीपूर त्याला आंधळा, आंधळा म्हणत होतं. तेव्हा कुठं लहानूच्या हातातले शेंगदाणे गळून पडले.

परतताना टेम्पोत चर्चा चालूच होती. पंधरा दिवसांपूर्वी ज्या पोरावर व्हिडिओ निघाला होता त्याला आता टीममधून काढायचं हे प्रफुल्लनं पुलगाव फाट्याच्या आत ठरवून टाकलं. "असा बेकार ब्याक मी जन्मात नाई पाह्यला," तो म्हणत होता, आणि मधू "हाव ना" म्हणत होता. लहानू ऐकत होता. मधल्या थांब्यावर टेम्पो चहासाठी उभा राहिला तेव्हा पुढच्या जीपमधून अंकित उतरला, भुवईवर पट्टी लावलेली, आणि काही न बोलता टेम्पोत येऊन लहानूच्या शेजारी बसला. प्रफुल्ल मध्येच थांबून खाली उतरला. बाकीचेही चहाला उतरले.

लहानूनं त्या पट्टीकडे पाहिलं.

"दुखते का?" लहानूनं विचारलं.

"नाई." अंकितनं पट्टीला हात लावला. "भाऊ, मी जीपमधीच नाव पाह्यलतं. राइट ब्याक. म्हनलं धीरजभाऊले सांगाव लागन काई तरी. काय सांगाव, काई सुचेना. मंग पाह्यलं तर ते कागद घेऊन तुमच्याकडेच जाऊन राह्यलते."

तो थांबला. लहानू बाहेर पाहत होता.

"म्हनलं, झालं. आता भाऊ पाहून घेतीन," अंकित म्हणाला. "म्हनून मी काईच बोललो नाई. बूट बांधले अन् उतरलो."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं, तक्रारीला लहानूकडे उत्तरं होती. प्रभाकरराव होते, फ्लेक्स होता, तीनशे माणूस होता. अंकितनं त्यातलं काही विचारलंच नाही. प्रफुल्ल चढला आणि टेम्पो सुटताच दुसऱ्याच विषयावर बोलू लागला. अल्लीपुरात मोहल्ल्याच्या तोंडाशी अंकित उतरला. उतरून तो वळला, चार वर्षं सरावानंतर रोज म्हणायचा तसं "जय भीम, भाऊ" म्हणाला, आणि थांबला. उलट "जय भीम" म्हणायला लहानूनं तोंड उघडलं, पण त्याच्याच्यानं म्हणवलं नाही.